लिटरला चोवीस पूर्णांक आठ

माझा मामा काटे दुरुस्त करतो. घड्याळाचे नव्हे, वजनाचे. किराणा दुकानातला काटा, भंगारवाल्याचा काटा, सोनाराचा काचेच्या पेटीतला काटा, दवाखान्यात तान्ही बाळं तोलायचा काटा, कुठलाही बिघडला की मामाला फोन. वर्षातून एकदा प्रत्येक काट्याची सरकारी तपासणी होते आणि त्याला शिशाचा शिक्का लागतो. त्याच्या आधी दुकानदार मामाला बोलावतात, कारण मामाच्या हाताखालून गेलेला काटा निरीक्षक जवळजवळ डोळे झाकून पास करतो. अठ्ठावीस वर्षं हेच काम केल्यावर माणसाचं जे होतं ते मामाचं झालं आहे. घरात कोणी ‘जरा वेळाने येतो’ म्हणालं की मामा विचारतो, जरा म्हणजे किती मिनिटं. मामी शाळेत गणित शिकवते, म्हणून हा संसार टिकला, असं माझ्या आईचं, म्हणजे मामाच्या बहिणीचं, मत आहे.

अशा माणसाला एका मोटारीने फसवलं. मोटारीने तरी कसं म्हणू, ती बिचारी लोखंडाची. तिला विकणाऱ्यांनी फसवलं. आणि फसवून झाल्यावर उलट त्यालाच विचारलं की तुम्हाला गाडी चालवता येते का. मला या गोष्टीचा अजून राग येतो, म्हणून ती लिहितो आहे.

मामाच्या धंद्यात ओझं फार. वीस किलोची पाच लोखंडी वजनं, पितळी वजनांची पेटी, हत्यारांची पेटी, पेट्रोल मोजायचं पाच लिटरचं माप. हे सगळं तो बारा वर्षं एका जुनाट व्हॅनमधून फिरवत होता. ती व्हॅन लिटरला बारा किलोमीटर द्यायची आणि त्याबद्दल कधी बढाई मारायची नाही. शेवटी तिचा पत्रा वजनांखाली फाटला, तेव्हा मामाने छोटी गाडी घ्यायचं ठरवलं.

चौकात पेट्रोल पंपाच्या समोर मोठं होर्डिंग होतं. त्यावर एक निळी छोटी गाडी, शेजारी हसणारं कुटुंब, आणि माणसाच्या उंचीएवढ्या अक्षरांत ‘लिटरला २४.८ किमी’. मामा पाच मिनिटं त्याच्याखाली उभा राहिला. मी सोबत होतो. मी म्हणालो, मामा, जाहिरातवाले काय वाट्टेल ते लिहितात. त्यावर त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला शाळा सुटल्याची आठवण झाली नाही, भरल्याची झाली.

त्याचं म्हणणं असं होतं. कोणी नुसतं ‘चोवीस’ लिहिलं असतं, तर तो दहा जणांना विचारत फिरला असता. ‘पंचवीस’ लिहिलं असतं, तर थांबलाही नसता. पण पूर्णांकानंतर आठ लिहिणाऱ्याने ते मोजलेलं असतं. त्याच्या धंद्यात मोजल्याशिवाय दशांश कोणी लिहीत नाही. लिहिला तर परवाना जातो. शिवाय होर्डिंगवर ‘प्रमाणित’ असा शब्द होता. मामा प्रमाणित वजनं रुमालाने उचलतो, बोटाचा घाम लागू नये म्हणून. त्या शब्दापुढे त्याची मान आपोआप झुकली. जगात एवढ्या एका जातीच्या माणसाकडूनच ही चूक होऊ शकते. साध्या माणसाने आकडा ऐकून त्यातले सहासात मनातल्या मनात वजा केले असते आणि झोपला असता.

गाडी आली. मामाने पहिल्या दिवसापासून एक वही केली. टाकी गच्च भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा टाकी गच्च भरायची, भागाकार करायचा. पहिल्या टाकीला पंधरा पूर्णांक चार आलं. नवीन गाडी आहे, इंजिन मोकळं व्हायचं आहे, असं शेजारी म्हणाले. दुसऱ्या टाकीला पंधरा पूर्णांक दोन. टायरमधली हवा बघा म्हणाले. मामाने ती स्वतःच्या तपासलेल्या गेजने बघितली. तिसऱ्या टाकीला पंधरा पूर्णांक तीन.

तिन्ही आकडे इतके जवळजवळ होते की मामाला मोजण्यात चूक वाटेना. आणि चोवीस पूर्णांक आठ तर प्रमाणित. म्हणजे गणितात एकच जागा उरली. पेट्रोल. लिटर म्हणून जे टाकीत पडतंय ते लिटर नाही.

आता इथे पंपावरच्या माणसाची ओळख करून द्यायला हवी. त्यांना सगळे थेंबकाका म्हणतात. चौकातल्या पंपाचे ते मॅनेजर. मालक दुसऱ्या गावात राहतो. पेट्रोल भरून झालं की नोझल लगेच उचलू नये, तीनदा झटकून शेवटचा थेंब गिऱ्हाइकाच्या टाकीत पाडावा, असा त्यांचा नियम. पंपावरच्या कामगारांना ते हे शिकवत बसतात. मामाची आणि त्यांची एकोणीस वर्षांची दोस्ती. पंपाची मापं मामाच तपासायचा, आणि तपासून झालं की दोघं केबिनमध्ये बसून तासभर जगातल्या बाकी सगळ्या मापांना नावं ठेवायचे.

मी मामाला म्हणालो की बाबा रे, आधी केबिनमध्ये जाऊन विचार. मामा म्हणाला, मापाच्या बाबतीत दोस्ती आणली की काटा हलतो. आणि तो सरळ गेला. शनिवार, सकाळी नऊ. पंपावर चौकापर्यंत रांग. मामाने गाडी नोझलसमोर आडवी लावली, डिकीतून आपलं पाच लिटरचं माप काढलं आणि जेवढ्या आवाजात तो दुकानदारांना काटा चुकल्याचं सांगतो तेवढ्या आवाजात म्हणाला की या पंपाच्या मापाबद्दल तक्रार आहे, तपासणी होईपर्यंत नोझल बंद.

थेंबकाका केबिनमधून बाहेर आले. आधी त्यांना चेष्टा वाटली. मग मामाच्या चेहऱ्याकडे बघून वाटेनाशी झाली.

“कोणाची तक्रार आहे?” त्यांनी विचारलं.

“माझी,” मामा म्हणाला.

पेट्रोलचं माप नीट घ्यायला वेळ लागतो. माप आधी पेट्रोलने ओलं करून रिकामं करायचं, नाहीतर कोरडा पत्रा थोडं पिऊन टाकतो. मग ते सपाट जागी ठेवायचं, पातळी दाखवणाऱ्या नळीतला बुडबुडा मध्ये आहे का बघायचं, मग भरायचं, फेस बसू द्यायचा, मग मानेवरची रेघ डोळ्याच्या पातळीवर आणून वाचायची. मामाने सगळं केलं, तेही तीन वेळा. तेवढ्यात रांगेतल्या लोकांनी काय केलं असेल? त्यांनी ‘माप’ आणि ‘तक्रार’ हे दोन शब्द ऐकले, बोलणारा कोण आहे ते बघितलं, आणि गाड्या वळवल्या. रिक्षावाले, दूधवाला, शाळेची बस. चाळीसएक जणांनी तक्रार ऐकली. निकाल ऐकायला आम्ही चौघे उरलो होतो.

निकाल असा, की पाच लिटरला दहा मिलिलिटर जास्त. कमी नव्हे, जास्त. बहुतेक झटकलेले थेंब.

मामा उकिडवाच बसून राहिला. थेंबकाकांनी ते माप स्वतः उचललं, गाडीच्या टाकीत ओतलं, झाकण लावलं, आणि म्हणाले, “एकोणीस वर्षांत मी तुझा एक काटा तपासायला मागितला नाही. आता निघ. पुढच्या वेळेला पेट्रोल दुसरीकडे भर.”

घरी आल्यावर मामीने सगळं ऐकून घेतलं. ती वह्या तपासत होती. लाल पेन खाली न ठेवताच म्हणाली की याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, आणि दहावीच्या मुलालाही कळेल की समीकरणात दोन आकडे असतील तर दोन्ही तपासायचे असतात. मामाने कपाटातून गाडीची चकचकीत माहितीपुस्तिका काढली, सोनाराच्या काट्यावरच्या खुणा वाचायचं भिंग डोळ्याला लावलं आणि पहिल्या पानापासून वाचायला बसला. शेवटच्या पानावर, चित्रातल्या गाडीच्या मागच्या चाकाखाली, मातीच्या रंगावर मातीच्याच रंगाची एक ओळ होती. प्रमाणित चाचणी परिस्थितीत. प्रत्यक्ष रस्त्यावरील आकडा वेगळा असू शकतो.

मामाने भिंग खाली ठेवलं. काट्याचा आकडा गिऱ्हाइकाला त्याच्या जागेवरून दिसला नाही तर दुकानदाराला दंड होतो, असं तो म्हणाला. मला म्हणाला, भिंतीला म्हणाला आणि मग पुन्हा भिंगाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही शोरूमला गेलो. तिथला मॅनेजर एवढ्या उन्हाळ्यात गळ्यात टाय घालून एसीत बसतो, म्हणून मी त्याला टायवाला म्हणतो. टायवाल्याने आधी थंड पाणी दिलं. मामाने वही पुढे केली. तीन टाक्या, तीन आकडे. टायवाल्याने वहीला हात न लावता विचारलं, गाडीत काही सामान असतं का. मामा खरं बोलणारा, म्हणाला, असतं, एकशे अठरा किलो सहाशे ग्रॅम. टायवाल्याचा चेहरा असा उजळला की जणू हरवलेलं मूल सापडलं. बघा, म्हणाला, तुम्हीच सांगितलंत.

मामाने विचारलं की गाडीला सीट किती. पाच. पाच माणसांचं वजन किती. टायवाला हसला. मामा म्हणाला, माझं सामान म्हणजे दोन बारीक माणसं, तिसरं बसायला जागा शिल्लक आहे, आणि तुमच्या होर्डिंगवर तर चारजण बसून हसतायत. त्यांनी उतरून हसायचं का?

तरीही मामाने महिनाभर वजनं काढून गाडी चालवली. म्हणजे सकाळी वजनं रिक्षाने पुढे, आणि मागून मोकळ्या गाडीत मामा. रिक्षावाल्याने शेवटी विचारलं की साहेब, तुम्ही माझ्याच रिक्षात का बसत नाही. एवढं करून आकडा आला सोळा पूर्णांक एक.

पुन्हा शोरूम. या वेळी टायवाल्याने एसीचं कारण काढलं. मग सिग्नलचं. मग रस्त्याचं. मग पेट्रोलचं, आणि तिथे मामाने हात वर करून त्याला थांबवलं. त्या गल्लीत तो तोंड भाजून आला होता. शेवटी टायवाला खुर्चीत मागे रेलून गोड आवाजात म्हणाला, “राग मानू नका, पण तुमचा पाय जड असणार.”

मामीला हे सांगितलं तेव्हा तिने स्वयंपाकघरातला काटा टेबलावर सरकवला आणि म्हणाली, ठेव पाय यावर, बघूया. आम्ही हसलो. मामा हसला नाही. तीस वर्षं गाडी चालवणारा माणूस, बारा किलोमीटरच्या व्हॅनमधून कायम बाराच काढणारा, त्याचा पाय शोरूममध्ये शिरल्यावर जड झाला. फसलेल्या माणसाला फसल्याबद्दल दोष देण्याची ही रीत मला फार जुनी आणि फार हलकट वाटते. नाचता येईना अंगण वाकडं, हे आपण ऐकलं आहे. इथे अंगण वाकडं विकणारेच तुम्हाला नाच शिकवायला येतात.

पण खरं ओझं त्याला वेगळंच होतं. ते कळलं किराणा दुकानात. मामा काटा उघडून बसला होता. दुकानदार सहज म्हणाला की आम्ही हल्ली बायपासच्या पंपावर भरतो, चौकातल्या पंपाचं माप तुम्हीच पकडलंत ना. मामा म्हणाला, अहो, माप बरोबर निघालं. दुकानदार समजूतदारपणे हसला. म्हणाला, निघायचंच, तुमची दोस्ती जुनी.

मामाच्या हातातला स्क्रू खाली पडला. त्याचा शब्द म्हणजे शिक्का, हे गावाने मान्य केलं होतं, फक्त चुकीच्या शब्दावर. दुपारी त्याने मला पंपावर पाठवलं, स्वतःला जायचं तोंड नव्हतं. पंप ओस होता. दोन नोझलवर कापड टाकलं होतं. थेंबकाकांनी मला बसायला सांगितलं आणि शांतपणे सांगितलं की विक्री एक तृतीयांश उतरली आहे, मालकाचा फोन आला होता, आणि मालकाने महिनाअखेरपर्यंत वाट बघतो असं सांगितलं आहे. त्यानंतर नवा मॅनेजर. मापात गडबड आहे असं गाव म्हणतंय, तर मालक तरी काय करणार.

मी म्हणालो की मामा शोरूमच्या मागे लागला आहे, खरा चोर पकडून सगळ्यांसमोर आणणार आहे, मग आपोआप तुमच्यावरचा ठपका निघेल. थेंबकाका म्हणाले, “मला चोर नको आहे रे. मला रांग हवी आहे.”

हे मी मामाला जसंच्या तसं सांगितलं. मामी म्हणाली, उद्या सकाळी जा आणि जिथे बोललास तिथेच उभा राहून चुकलो म्हण. मामाला ते पटत होतं, पण त्याच्या डोक्यात काटा अडकला होता. तो म्हणाला, नुसतं चुकलो म्हटलं तर लोक समजतील की दोस्तीखातर म्हणतोय. किराणावाला आत्ताच समजलाय. ते पेट्रोल कुठे जातंय हे दाखवल्याशिवाय माझ्या माफीला वजन नाही.

म्हणून त्याने शोरूमला सांगितलं: तुमचा ड्रायव्हर आणा, तुमच्या पद्धतीने चालवा. टाकी चौकातल्या पंपावर भरायची, लोकांसमोर. जो आकडा येईल तो कागदावर लिहायचा आणि तिघांनी सही करायची, मी, पंपाचे मॅनेजर आणि तुम्ही. टायवाला लगेच तयार झाला. त्याला वाटलं असणार की जड पाय सिद्ध करायची फुकट संधी मिळाली.

कंपनीचा ड्रायव्हर म्हणजे पन्नाशीचा, सडसडीत, पातळ तळव्याचे बूट घातलेला माणूस. त्याचं काम एवढंच की तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकांना त्यांच्याच गाडीतून फिरवून आणायचं आणि आकडा वाढवून दाखवायचा. मी त्याला मनात हलका पाय असं नाव दिलं. थेंबकाका केबिनबाहेर आले, मामाकडे न बघता टाकी भरली, आणि पुन्हा आत गेले. पंधरावीस माणसं जमली होती. टायवाल्याने आधी अट घातली की गाडीत वजनं नकोत आणि कमीत कमी माणसं हवीत, आणि कंपनीसाठी त्याग म्हणून स्वतः खाली राहिला. माझ्याबद्दल मामा म्हणाला की हा बसला काय आणि नाही काय, याला माणसात धरू नका, छप्पन्न किलोच आहे. साक्षीदार म्हणून मी मागे बसलो.

तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. काचा बंद, कारण उघड्या काचेतून वारा आत येतो आणि गाडीला ओढतो. एसी बंद, कारण एसी पेट्रोल पितो. बाहेर कडक ऊन. हायवेवर हलका पाय ताशी पंचेचाळीसच्या पुढे जाईना. मागे ट्रकची रांग लागली, आणि प्रत्येक ट्रक पुढे जाताना आमच्या घराण्याबद्दल काहीतरी बोलून गेला. मग एका ट्रॅक्टरने आम्हाला ओव्हरटेक केलं. ट्रॅक्टरवाला बराच वेळ मागे वळून बघत होता, गाडी बंद पडलीय का म्हणून. उतार आला की हलका पाय पाय उचलून घ्यायचा आणि गाडी आपल्या मनाने घरंगळायची. मामाचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो एकदाही काच उघडा म्हणाला नाही.

निम्मं अंतर गावातून जायचं, ही मामाची अट. त्याचं म्हणणं, दुकानं हायवेवर नसतात. गावात हलका पाय सिग्नल लांबून लाल दिसला की रांगायला लागायचा, थांबला की इंजिन बंद करायचा. एका सिग्नलला मामाने त्याला विचारलं की तुम्ही तुमच्या घरच्यांना घेऊन असेच फिरता का.

तो आरशातून माझ्याकडे बघून मग मामाकडे बघत म्हणाला, “घरच्यांना घेऊन मी माणसासारखा चालवतो.”

मग त्याने आपणहून सांगितलं. तो आकडा रस्त्यावर काढलेलाच नसतो. खोलीत गाडी रोलरवर उभी करतात, चाकं जागच्या जागी फिरतात, समोरून पंखा लावतात. एसी बंद. खड्डा नाही, चढ नाही, आडवा येणारा कुत्रा नाही. ठरलेल्या मिनिटाला ठरलेला वेग. सगळ्याच कंपन्या तसंच करतात, खोटं असं त्यात काही नाही, तो म्हणाला.

मामा म्हणाला, “माझ्या टेबलावर बरोबर आणि गिऱ्हाइकाच्या दुकानात चूक असा काटा मी दिला, तर मला तुरुंगात घालतील.”

अठ्ठ्याण्णव किलोमीटर झाल्यावर आम्ही पंपावर परतलो. थेंबकाकांनी टाकी गच्च भरली. पाच पूर्णांक दोन लिटर. जमलेल्या लोकांत मामी होती, तिने कागदाला हात न लावता सांगितलं, अठरा पूर्णांक आठ.

कंपनीच्या माणसाने, कंपनीच्या पद्धतीने, भट्टीत बसून, ट्रॅक्टरच्या मागे राहून काढलेला आकडा अठरा पूर्णांक आठ. छापलेल्या आकड्यापेक्षा सरळ सहा कमी. गंमत म्हणजे दशांशातला आठ तेवढा जागेवर होता. मला वाटलं आता टायवाल्याचं तोंड उतरेल. पण टायवाल्याने टाळी वाजवली. म्हणाला, बघा, तुम्हाला पंधरा मिळत होतं, आमच्या माणसाने साडेतीन वाढवून दाखवले. म्हणजे पाय जडच.

“आणि चोवीस पूर्णांक आठ?” मामाने विचारलं.

“ते लॅबमधलं.”

“मग तुम्ही मला लॅबच विकायची होती,” मामा म्हणाला. “मी गाडी कशाला घेतली असती.”

लोक हसले. मामाने कागद पुढे केला. त्यावर त्याने तारीख, अंतर, लिटर आणि आकडा लिहून खाली सहीसाठी तीन रेघा मारल्या होत्या. पहिली सही त्याची. दुसरी थेंबकाकांनी केली, मापापुरती. टायवाला म्हणाला की लेखी देण्याची कंपनीची पद्धत नाही. आधी हो म्हणाला होतात, मी म्हणालो. तो म्हणाला, तोंडी हो म्हणालो होतो. हलक्या पायाने खिशातलं पेन अर्धं बाहेर काढलं होतं. टायवाल्याने त्याच्याकडे बघितलं, आणि पेन परत खिशात गेलं. दोघे आपल्या गाडीत बसले, काचा वर केल्या, एसी लावला आणि निघून गेले. ताशी पंचेचाळीसच्या वेगाने तर नक्कीच नाही.

मामाच्या हातात दोन सह्यांचा कागद राहिला, आणि ज्यांचा आकडा खोटा ठरला त्यांची रेघ कोरी. लोक बघत होते. कोणीतरी म्हणालं, यांची आणि पंपाचीच मिलीभगत तर नाही. महिना संपायला नऊ दिवस होते. चोराची सही घेऊन माफी मागायची, हा मामाचा सगळा बेत त्या कोऱ्या रेघेवर संपला.

मामाने कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग तो त्या नोझलसमोर जाऊन उभा राहिला, जिथे त्या शनिवारी उभा होता, आणि तेवढ्याच आवाजात म्हणाला की या पंपाचं माप बरोबर आहे, पाच लिटरला दहा मिली जास्तच पडतं, मी न तपासता आरोप केला आणि ती चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही. शोरूमचं नावही त्याने घेतलं नाही. मी नंतर विचारलं का, तर म्हणाला, माफीत दुसऱ्याचं वजन मिसळलं की ती माझी राहत नाही.

थेंबकाका दारात उभे होते. ते म्हणाले, “चाळीस लोकांनी ऐकलं होतं. हे वीसच आहेत.”

“मग पाटी लावतो.”

“किती दिवस?”

“महिना.”

“तीन महिने,” थेंबकाका म्हणाले. मामा दीडवर आला, थेंबकाका अडीचवर. दोन महिन्यांवर जमलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना घासाघीस करताना मी बघितलं, आणि पहिल्यांदाच दोघांनाही ती संपू नये असं वाटत होतं.

पाटी मामाने स्वतः रंगवली. हातभर उंचीची अक्षरं: ‘या पंपाचं माप मी तपासलं आहे. ते बरोबर आहे. मी चुकलो होतो.’ खाली त्याचं पूर्ण नाव आणि परवाना क्रमांक. परवाना क्रमांक लिहिल्याशिवाय विधानाला अर्थ नसतो, असं तो म्हणाला. गावात आठवडाभर चेष्टा झाली. काटा उघडून बसला की दुकानदार विचारायचे, आज कोणाची माफी मागायची आहे का. मामा मान खाली घालून वजनं मांडायचा. पण रांग हळूहळू आली. आधी दूधवाला, मग रिक्षा, मग शाळेची बस. महिनाअखेरीला मालक येऊन पाटी वाचून गेला, आणि नव्या मॅनेजरचा विषय पुन्हा निघाला नाही. किराणावाला तेवढा अजून बायपासलाच भरतो. त्याला वाटतं, पाटी लावायला मामाला पैसे मिळाले.

पाच आठवडे झाले असतील. मी आणि मामा पेट्रोल भरायला गेलो, तर समोरच्या होर्डिंगवर माणसं चढलेली. मामा गाडीतून उतरला. मला वाटलं, मलाही क्षणभर वाटलं, की आकडा उतरवतायत. निळ्या गाडीचा कागद त्यांनी फाडला, आणि खालून वर लाल गाडीचा कागद चढवायला लागले. तेच कुटुंब, नवे कपडे. मग आकडा आला. लिटरला पंचवीस पूर्णांक तीन.

मामा बराच वेळ मान वर करून बघत होता. मग थेंबकाकांना म्हणाला, चूक कबूल करणाऱ्याची पाटी दोन महिने टांगायची, आणि हे? यांना कोणी चढवलं वर? त्याचा आवाज चढला होता. मी त्याला काट्यावरून, मापावरून, माझ्यावरून चिडलेला बघितलं आहे, पण असा दुखावलेला नाही.

थेंबकाका केबिनमध्ये गेले, पाना आणि स्टूल घेऊन आले, आणि पाटीचे बोल्ट काढायला लागले. मामा म्हणाला, अरे, अजून तीन आठवडे आहेत. ठरलं होतं आपलं.

“ती उतरवणं माझ्या हातात नाही,” होर्डिंगकडे न बघता थेंबकाका म्हणाले. “ही आहे. खालून धर, पडेल.”

मामाने पाटी खालून धरली.